बाईंनी साडी घेतली नाही

*ताई,*

*चार वर्षांपूर्वी सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा पुण्यातला वाकडचा फ्लॅट भाड्याने देऊन आम्ही वाईला सासरच्या जुन्या घरी आलो. यांचं काम घरून चालत होतं. वर्षभराने परत जायचं असं ठरलं होतं, म्हणून मुलीला इथल्या अनुदानित मराठी शाळेत आणि मुलाला नगरपालिकेच्या शाळेत ‘तात्पुरतं’ घातलं.*

*दुसऱ्याच वर्षी मुलीला कावीळ झाली. तीन आठवडे शाळा बुडाली. तिच्या वर्गाच्या बाई दर दोन-तीन दिवसांनी शाळा सुटल्यावर घरी यायच्या आणि पलंगाशेजारी बसून गणितं समजावून जायच्या. सासऱ्यांना साताऱ्याला ॲडमिट केलं तेव्हा शेजारच्या दोन घरांनी मुलांचं जेवणखाण बघितलं. मुलाला शाळेतल्या मावशींनी संध्याकाळपर्यंत स्वतःजवळ बसवून ठेवलं. तो ग्रंथालयातून एकटा चालत घरी येतो, आणि घाटावर रेंगाळला तर तो पोहोचायच्या आधी मला कळलेलं असतं. पुण्यात आमच्याच मजल्यावरच्या लोकांची नावं मला ठाऊक नव्हती.*

*आता कंपनीने यांना आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला बोलावलंय. मुलगी जूनमध्ये आठवीत जाईल, मुलगा पाचवीत. नणंद आणि माझा भाऊ दोघंही म्हणतात, “आता पुरे. आठवीपासून पुण्यात आणलं नाहीत तर मुलं मागं पडतील. तिथं एक्सपोजर काय आहे?” मला इथून हलावंसं वाटत नाही, पण माझ्या आवडीपायी मुलांचं नुकसान होतंय की काय, या विचाराने रात्री झोप लागत नाही. मी भाबडी आहे का?*

*आणखी एक. दिवाळीत बाईंना साडी घेऊन गेले. त्यांनी हळदीकुंकू लावून घेतलं आणि साडी परत माझ्या पिशवीत ठेवली. म्हणाल्या, “शाळेसाठी काही करा.” मी काय करू? पूर्वी मी बँकेत होते, आता घरीच असते.*

*— एक आई, वाई*

---

प्रिय वाईकर आई,

तुम्ही भाबड्या नाही. भाबडा माणूस ‘छोट्या गावातली माणसं किती प्रेमळ’ एवढं लिहून थांबतो. तुम्ही कावीळ लिहिलीत, गणितं लिहिलीत, शाळेतल्या मावशी लिहिल्यात. कोणी, कधी, काय केलं हे तुम्हाला नेमकं सांगता येतं. मुलांच्या शाळेबद्दलचं मत अशाच गोष्टींवरून बनवावं, आणि तुम्ही ते तसंच बनवलेलं आहे.

मी तालुक्याच्या गावी शिक्षिका होते, म्हणून यातलं थोडं आतून सांगते. बाई घरी आल्या याचं श्रेय त्यांच्या स्वभावाला द्याच, पण त्यांना ते जमलं कशामुळे हेही बघा. अनुदानित शाळेतल्या शिक्षकांचा पगार शासन देतं आणि बदली झालीच तर त्याच संस्थेच्या दुसऱ्या शाळेत होते. त्यामुळे एकाच शाळेत वीस-पंचवीस वर्षं काढलेले शिक्षक अशा गावांत सहज भेटतात. त्यांनी मुलाच्या थोरल्या भावाला शिकवलेलं असतं, कधीकधी आईलाही. शाळेपासून त्यांचं घर चालत पंधरा मिनिटांवर असतं आणि मंडईत ज्या भाजीवालीकडे पालक थांबतात तिच्याकडेच शिक्षकही थांबतात. आजारी मुलीकडे जायचं तर घरी जाताना वाट थोडी वाकडी करायची, एवढंच. शहरातल्या शिक्षिकेच्या पोटात माया कमी असते असं मुळीच नाही. ती दोन बस बदलून शाळेत येते, तितक्याच बदलून परत जाते, आणि अनेकदा वर्षाच्या करारावर असते. पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हेच तिला माहीत नसतं. तिने कोणाच्या पलंगाशेजारी बसावं अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

तुम्हाला वाईत जे मिळालं ते चांगल्या माणसांबरोबरच स्थिर नोकऱ्या, चालण्याजोगं अंतर आणि रोजची ओळख यांतून आलेलं आहे. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण या गोष्टी टिकवाव्या लागतात. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी ‘एक्सपोजर’बद्दल.

नणंदबाई आणि भाऊ वाईट हेतूने बोलत नाहीत. पण वाईत ‘काय आहे’ असं विचारणाऱ्यांना वाई पुरती माहीत नाही असं वाटतं. २०११ च्या जनगणनेत या गावाची वस्ती छत्तीस हजारांच्या आसपास होती. एवढ्याशा गावात मराठी विश्वकोशाचं काम चाललं. लक्ष्मणशास्त्री जोशींनी त्याची धुरा वाहिली आणि १९७६ साली पहिला खंड बाहेर आला. हे लक्ष्मणशास्त्री इथल्याच प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींकडे शिकले. विनोबा भावेही तरुणपणी गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन तिथेच अभ्यासाला येऊन राहिले होते. दर उन्हाळ्यात टिळक स्मारकाची वसंत व्याख्यानमाला होते आणि तिथे दहावीतली मुलगी आणि ऐंशी वर्षांचे आजोबा शेजारी बसून एकच भाषण ऐकतात. तुमचा मुलगा ग्रंथालयातून एकटा चालत येतो, हे वाक्य तुम्ही गावाच्या सुरक्षिततेसाठी लिहिलंत. मला त्यात दुसरंच दिसलं. नऊ-दहा वर्षांचं पोर आपल्या पायांनी ग्रंथालयात जातं आणि स्वतः पुस्तक निवडून आणतं. शहरात याच वयाच्या किती मुलांना हे करता येतं? ग्रंथालयं तिथे पुष्कळ आहेत, पण आईवडिलांना वेळ झाला तरच मूल तिथपर्यंत पोहोचतं.

कृष्णाबाईच्या, म्हणजे कृष्णा नदीच्या, उत्सवाचंही सांगते. थंडी सरता सरता एकेका घाटाचा उत्सव सुरू होतो, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह अशा घाटांवर एकामागून एक. त्यात मुलं पंगतीत वाढायला असतात, सतरंज्या उचलायला असतात. बारा-तेरा वर्षांची मुलगी शे-दोनशे माणसांच्या पंगतीत न सांडता आमटी वाढते, कोणाला काय हवं ते डोळ्यांनी ओळखते, मोठ्या माणसाने काही खेकसून सांगितलं तर ते पचवते. पुढे नोकरीत माणसांशी वागताना हे सगळं उपयोगी पडतं आणि त्याचा क्लास कुठेही निघालेला नाही.

शिवाय तुमच्या घरापासून पसरणीचा घाट चढला की दहा-बारा किलोमीटरवर पाचगणी. इंग्रजांच्या काळापासून तिथे निवासी शाळा आहेत. मुंबई-पुण्याचे, परदेशातलेही आईबाप लाखो रुपये भरून मुलांना तिथे ठेवतात, कारण स्वच्छ हवा, लहान गाव आणि मुलाला नावाने ओळखणारी शाळा त्यांना हवी असते. तुमच्या मुलांना हवा आणि ओळख दोन्ही मिळतात, वर रात्री आजी-आजोबांच्या शेजारी झोपता येतं.

आता दुसरी बाजू, कारण ती झाकली तर तुम्ही पुढे मला बोल लावाल.

दहावीपर्यंत मला अडचण दिसत नाही. अनुदानित शाळेत आता सेमी आहे, गणित-विज्ञान इंग्रजीतून होतं, आणि ज्या मुलीचा पाया मराठीत पक्का झालाय ती अकरावीच्या इंग्रजीला दोन-तीन महिने अडखळते आणि मग चालायला लागते. अशा मुली मी वर्षानुवर्षं पाहिल्या आहेत. अकरावी-बारावीला मात्र प्रश्न येतो. मुलीला विज्ञान घेऊन ‘नीट’ (वैद्यकीय) किंवा ‘जेईई’ (अभियांत्रिकी) या प्रवेश परीक्षांच्या मागे लागायचं असेल तर तयारीच्या सोयी, सराव चाचण्या आणि बरोबरीने धावणारी मुलं पुण्यात अधिक आहेत, हे खरं आहे. तेव्हा निर्णय नव्याने घ्या. अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन झाले आहेत, त्यामुळे वाईतून दहावी झाली म्हणून पुण्यातलं कॉलेज दूर जात नाही. एखाद्या मुलाला वाचनात-लेखनात खरोखरीची अध्ययन अक्षमता असेल, किंवा मुलगी एखाद्या खेळात राज्य पातळीवर जाण्याइतकी पुढे असेल, तर छोट्या गावात तज्ज्ञ आणि प्रशिक्षक शोधत फिरावं लागतं. तुमच्या पत्रात असं काही नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

यापेक्षा अवघड गोष्ट निराळी आहे. जे डोळे तुमच्या मुलाला घाटावर रेंगाळताना पाहून तुम्हाला कळवतात, तेच डोळे आणखी दोन वर्षांनी तुमच्या मुलीकडेही वळतील. ती कोणाशी बोलत होती, कोणाच्या सायकलीबरोबर तिची सायकल होती, हे तुमच्यापर्यंत येईल आणि वाटेत त्याला तिखटमीठ लागेल. आठवी ते दहावी या वयात छोटं गाव मुलाला मोकळं सोडतं आणि मुलीला आवळतं. त्या वेळी तुम्ही कोणाच्या बाजूने उभ्या राहणार ते आत्ताच ठरवून ठेवा. माझं म्हणाल तर मुलीच्या. कोणी काही सांगत आलं की “मला माहीत आहे, ती मला सांगून गेली होती,” एवढं एक वाक्य ठामपणे म्हणायचं. दोन-तीनदा म्हटलंत की बातम्या आणणारे दमतात. आणि ती खरोखरच सांगून जाईल इतकी मोकळीक तिला घरात द्या.

घराचा प्रश्नही गावाच्या प्रेमात बुडवू नका. तुमचे यजमान आठवड्याला तीनदा खंबाटकी घाट ओलांडून पुण्याला जाऊन येणार, म्हणजे एका वेळेचे ऐंशी-नव्वद किलोमीटर. रोज येणं-जाणं केलं तर दिवाळीपर्यंत माणूस थकून जाईल. दोन रात्री पुण्यात मुक्काम, तिसऱ्या दिवशी परत, अशी घडी बसवता आली तर बरी. त्यासाठी नातेवाइकांकडे किंवा एखाद्या खोलीत सोय बघा. पण हे त्यांना विचारलंत का? तुमच्या पत्रात नणंद काय म्हणते, भाऊ काय म्हणतो, सगळं आहे. नवरा काय म्हणतो ते कुठेच नाही. मुलगी काय म्हणते तेही नाही. नातेवाइकांना उत्तर देण्यात शक्ती घालवण्याआधी या दोघांसमोर बसा. मुलीला “तुला इथं आवडतं ना?” असं विचारू नका, कारण आईला कोणतं उत्तर हवंय ते तिला लगेच कळेल. “आठवीत तुला काय शिकायला मिळावं असं वाटतं, आणि ते आपल्या शाळेत आहे का?” असं विचारा. यजमान म्हणाले की एक वर्ष करून बघू, तर एक वर्ष करा. ते म्हणाले की मला हे झेपणार नाही, तर ते गावाच्या ऋणापेक्षा मोठं माना आणि चौघं एकत्र राहतील असं काहीतरी काढा. सासऱ्यांची तब्येतही या हिशोबात घ्या. त्यांना पुण्याच्या फ्लॅटमध्ये नेलं तर त्यांची बोलती माणसं सुटतील, हे त्यांना विचारल्याशिवायही कळण्यासारखं आहे.

तुम्ही मागितलात म्हणून माझा कौल: यजमानांना ये-जा सोसत असेल तर मुलीची दहावी वाईतच होऊ द्या.

याचं एक कारण शाळेच्या बाजूचंही आहे. शाळेला शिक्षक किती मिळणार हे संचमान्यतेत ठरतं आणि संचमान्यता पटावर ठरते. पट ठरावीक आकड्याखाली गेला की एक शिक्षक कमी होतो. ३० सप्टेंबरच्या पटाकडे मुख्याध्यापक किती काळजीने बघतात हे मी जवळून पाहिलंय. ज्यांना परवडतं ते आईबाप एकेक करून मुलं काढतात, पट उतरतो, शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरून दुसरीकडे जातो, मग एक शिक्षक दोन वर्ग सांभाळतो आणि उरलेले आईबाप म्हणतात, बघा, या शाळेत शिकवतच नाहीत. मुलांना केवळ पट राखण्यासाठी कुठे ठेवा असं मी कोणत्याही आईला सांगणार नाही. पण तुमची मुलं तिथे आनंदाने शिकत आहेत, आणि ती तिथे असल्याने शेजारच्या बाकावरच्या मुलाचाही शिक्षक टिकतो, हे मनाशी असू द्या.

आता साडी.

बाईंनी ती घेतली नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. त्यांनी तुमचं हळदीकुंकू स्वीकारलं, म्हणजे तुमची भावना स्वीकारली. आणि त्या जे म्हणाल्या ते सातारा जिल्ह्यातल्या शिक्षकाच्या तोंडी शोभतं. या जिल्ह्यातल्या शाळा कशा उभ्या राहिल्या ते आठवा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत. घरोघरच्या बायका दळणातलं मूठभर धान्य त्या मुलांसाठी बाजूला काढत. वसतिगृहात शिधा संपला तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. त्या वसतिगृहातून शिकून गेलेल्या मुलांनी कर्मवीरांना काय परत दिलं असतं? त्यांच्यातले अनेक जण मास्तर झाले आणि आणखी आडगावच्या शाळेत जाऊन शिकवू लागले. तुमच्या बाईंना तुमच्याकडून असलंच काही हवं आहे.

शाळांमध्ये याला ‘शैक्षणिक उठाव’ म्हणतात. कोणी रंगाचे डबे देतं, कोणी पंखे, कोणी संगणक. पंखा द्यायला हरकत नाही, पण पंखा कोणीही देईल. तुमच्याकडे बँकेतल्या नोकरीचा अनुभव आहे आणि दुपार मोकळी आहे, आणि शाळेत याच दोन गोष्टींचा दुष्काळ असतो.

एनएमएमएस ही परीक्षा तुम्ही ऐकली असेल. आठवीतल्या मुलांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती. सरकारी, नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळांतली मुलं बसू शकतात, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. पास होऊन निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. मजुरी करणाऱ्या घरात बारावीपर्यंत मुलगी शिकते की नववीतच तिचं लग्न काढतात, याचा फैसला कधीकधी एवढ्या पैशावर होतो. दोन पेपर असतात, एक बौद्धिक क्षमतेचा आणि एक शालेय विषयांचा. अभ्यास शिक्षक करून घेतात. मुलं गळतात ती कागदांवर. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून वेळेत निघत नाही. आईच्या आधारवर एक आडनाव आणि रेशनकार्डावर दुसरं. मुलाच्या नावाचं खातं नाही, असलं तर आधार जोडलेलं नाही. निवड झाल्यावर राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज भरायचा असतो आणि दर वर्षी त्याचं नूतनीकरण करायचं असतं, हे आईबापांना कोणी सांगितलेलंच नसतं, म्हणून गुणवत्ता यादीत आलेल्या मुलाचेही पैसे अडकतात. ज्या बाईने बँकेच्या काउंटरवर वर्षं काढली आहेत तिच्या हाताखालून अशी किती खाती गेली असतील! तुमची मुलगी जूनमध्ये आठवीत जाईल, म्हणजे तिच्याच वर्गातली मुलं या वर्षी परीक्षेला बसणार. तुमचं उत्पन्न मर्यादेबाहेर असल्याने ती बसणार नाही, पण तिच्या मैत्रिणी बसतील.

दुसरं, शाळा व्यवस्थापन समिती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात या समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असं आहे. कागदावर त्या असतातही. बैठकीचं इतिवृत्त तयार असतं आणि सह्या घरपोच होतात, असंही बऱ्याच ठिकाणी चालतं. मुलाच्या शाळेतली समिती पुन्हा निवडली जाईल तेव्हा नाव द्या. तिथे जाऊन अधिकाऱ्यासारखं तपासत बसायचं नाही. शाळेचा विकास आराखडा वाचायचा, खर्चाचे आकडे समजून घ्यायचे, इतर आयांना बैठकीला ओढून आणायचं, आणि त्या गप्प बसल्या तर “तुम्हाला काय वाटतं?” असं त्यांच्याकडे वळून विचारायचं. त्याच कायद्यात शिक्षकांना जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक कामाला लावू नये असंही म्हटलं आहे. एखादं सर्वेक्षण काढून वर्गच्या वर्ग ओस पडले तर शिक्षक बोलू शकत नाही, त्याला नोटीस येते. पालक बोलू शकतात. समितीचा ठराव करून शिक्षण विभागाच्या अधिकाऱ्यांकडे पाठवा. शिक्षकाचे आभार मानण्याची यापेक्षा चांगली रीत मला माहीत नाही.

आणि एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, पण तुम्हाला दिसत असेलच. वाईने तुम्हाला जे दिलं ते सगळ्यांना सारखं मिळत नाही. तुमचं इथे पिढ्यांचं घर आहे, आळीत आडनाव ओळखीचं आहे. दिवाळीच्या सुमाराला भुईंजच्या साखर कारखान्याची ऊसतोड सुरू झाली की बीडकडच्या मजुरांच्या टोळ्या तालुक्यात येतात, पालं पडतात, आणि तुमच्या मुलाच्या वयाची मुलं फडात धाकट्या भावंडाला सांभाळताना दिसतात. त्यांनाही याच शाळांचा हक्क आहे. कायद्याने वर्षाच्या मध्यात, दाखला नसला तरी, वयानुसार वर्गात प्रवेश द्यावा लागतो, आणि गावाकडच्या शाळेने शिक्षण हमी कार्ड दिलं असेल तर काम आणखी सोपं होतं. त्या आईला हे माहीत नसतं आणि शाळेच्या पायरीवर चढायची तिला भीती वाटते. तुमच्यासाठी शेजारच्या दोन घरांनी ताटं वाढली. तिच्याबरोबर शाळेपर्यंत चालत जाणारं कोणीतरी लागतं. एकटीने टोळीवर जाऊ नका, शाळेतल्या शिक्षकांना किंवा अंगणवाडी सेविकेला बरोबर घ्या. त्यांना कोणती टोळी कुठे उतरली आहे ते ठाऊक असतं.

एवढं सगळं एका वर्षात करायला जाऊ नका. घरात आजारी सासरे, तीन दिवस बाहेर असणारा नवरा आणि दोन मुलं आहेत. या वर्षी मुलीच्या वर्गाची एनएमएमएस घ्या आणि बाकीचं पुढे.

बाईंसाठी मात्र एक काम लगेच करा. साध्या कागदावर एक पत्र लिहा, मला लिहिलंत तसंच तारीखवार आणि नेमकं. मुलगी आजारी होती, बाई आल्या, अमुक धडा शिकवला, मुलगी वार्षिक परीक्षेला बसली. एक प्रत बाईंना, एक मुख्याध्यापकांना, एक संस्थेच्या कार्यालयाला. शिक्षकांविरुद्धच्या तक्रारी लेखी येतात आणि फायलीला लागतात. कौतुक तोंडी होतं आणि फाटकाशी विरून जातं. माझ्या सगळ्या नोकरीत पालकांची अशी लेखी पत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आली, आणि ती मी अजून जपून ठेवली आहेत. साडी बाईंनी परत केली, हे पत्र करणार नाहीत.

एनएमएमएसचं असं करा. परीक्षा साधारण डिसेंबरात असते आणि अर्ज त्याच्या काही महिने आधी निघतात, तेव्हा दाखल्यांचं काम जूनमध्ये शाळा उघडल्या उघडल्या हाती घ्या. दाखल्यांसाठी जूनमध्ये तहसीलला गर्दी असतेच, म्हणून मे महिन्यातच मुख्याध्यापकांना भेटून ठेवा. सातवीत ५५ टक्क्यांच्या वर गुण मिळवलेल्या मुलांची यादी मागा, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांसाठी ही अट ५० टक्क्यांची आहे. मग शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्या मुलांच्या आयांना शाळेतच बोलवा, आधार, रेशनकार्ड आणि पासबुक घेऊन. पहिल्या शनिवारी चार-पाचच जणी येतील. त्यांचे कागद आधी पूर्ण करा, बाकीच्यांना त्याच घेऊन येतील.

तुमची,
ताई